आधी स्पीड कमी करा, मग भंगार म्हणा

नमस्कार निनावी वाचक,

तुमच्या प्रतिक्रियेला खालीच दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण लिहायला बसलो आणि लांबलं, म्हणून हे वेगळं टाकतोय. जुन्या डॉस गेम्सवरच्या (विंडोजच्या आधीच्या पीसीवरच्या गेम्स) माझ्या लेखावर तुम्ही काय लिहिलंय ते आधी जसंच्या तसं देतो, म्हणजे मी मोडतोड केली असं व्हायला नको (त्यातली डिगर ही माती खणायची एक जुनी गेम, आणि डॉसबॉक्स म्हणजे अशा गेम्स आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम):

"काका, लेख गोड आहे पण जरा भान ठेवून लिहा. त्या गेम्स मुळातच भंगार होत्या. परवा तुमची ती डिगर उतरवून डॉसबॉक्सवर लावली, दोन सेकंदात मेलो, आणि माझा मुलगा तर दोन मिनिटांत उठून गेला. तुम्हाला गेम नाही, स्वतःचं वय आठवतंय. शिवाय सगळं चोरीचं होतं हे सोयीस्कर विसरलात. आणि १९९० साली पुण्यात कॉम्प्युटर कितीजणांच्या नशिबात होता? बाकी भाषा छान."

बाकी भाषा छान! म्हणजे आधी झोडपून काढायचं आणि निघताना पाठ थोपटायची.

काका म्हणालात, म्हणा, वय आहे माझं. पण तुम्हाला गेम खेळण्याएवढा मुलगा आहे म्हणजे तुम्हीही काही फर्ग्युसनच्या कट्ट्यावर बसायच्या वयाचे नाही, तेव्हा ते काका जरा जपून. आणि "भान ठेवून" म्हणजे काय हो? मी राजकारणावर लिहिलं नाही, कोणाच्या देवाधर्मावर लिहिलं नाही. एक मांजर कचऱ्याच्या डब्यावरून उडी मारून खिडकीत शिरतं अशा गेमवर लिहिताना माणसाने नेमकं कसलं भान ठेवायचं असतं? मागे मिसळीवर लिहिलं होतं तेव्हा लोकांनी मला फाडून खाल्लं होतं, पण नावानिशी, आणि त्यातल्या एकाबरोबर नंतर मी मिसळ खाऊनही आलो. तुम्ही नाव लिहायचं नाही आणि भान मात्र मी ठेवायचं.

एक गोष्ट मान्य करून टाकतो, उगाच एकतर्फी नको. चोरीचं होतं, हो. सगळंच्या सगळं. पैसे देऊन गेम घेतलेला माणूस तेव्हा माझ्या पाहण्यात नव्हता. गेमबरोबर खोका येतो, त्यात छापील मॅन्युअल असतं, हे आम्हाला कळलं ते प्रिन्स ऑफ पर्शियामुळे, कारण त्यात मध्येच एका खोलीत अक्षरं लिहिलेल्या बाटल्या मांडलेल्या असायच्या आणि मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर विचारायचे, ते हुकलं की खेळ खलास. मग कुणाच्या तरी मावसभावाच्या हॉस्टेलमधून त्या पानांची झेरॉक्सची झेरॉक्स यायची, अर्धी अक्षरं उडालेली. आणि या चोरीची शिक्षाही फ्लॉपीतूनच मिळायची. १९९० मध्ये भारतात पहिल्यांदा सापडलेला तो जोशी व्हायरस, ५ जानेवारीला मशीन अडवून बसायचा आणि "हॅपी बर्थडे जोशी" टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. सदाशिव पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जोशी नावाची किती मुलं असतील विचार करा, दर वर्षी संशय कोणावर यायचा. तर ते असो, चोरी होती. पण चोरीची होती म्हणून भंगार होती, हे कुठलं लॉजिक?

आता त्या "भंगार"कडे येतो, कारण खरी मिरची मला तिथे लागली.

तुम्ही म्हणता डिगर लावली आणि दोन सेकंदात मेलो. मरणारच. १९८३ साली कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरने ती काढली तेव्हा समोर आयबीएमचा पीसी होता, त्यातला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि गेमचा वेग त्या मशीनच्या वेगावर बेतलेला. मशीन बदललं की राक्षस सुसाट. म्हणून तर नंतरच्या डब्यांवर टर्बो नावाचं बटण असायचं, ज्याचा खरा उपयोग आमच्या लेखी मशीन हळू करण्याचा होता. डॉसबॉक्समध्ये तुम्ही काहीही न बदलता अशी जुनी गेम लावलीत तर ती ३००० सायकल्सवर (सायकल्स म्हणजे डॉसबॉक्समधला वेगाचा आकडा) चालते आणि जुन्या एक्सटीचा, म्हणजे त्या ८०८८ वाल्या पीसीचा, वेग येतो साधारण ३०० ला. म्हणजे दहापट वेगाने खेळलात, मेलात, आणि गेम भंगार! हे नुसतं माझं म्हणणं नाही, या वेगाच्या भानगडीपायीच अँड्र्यू जेनर नावाच्या माणसाने १९९८ मध्ये मूळ डिगर उलगडून नव्या मशीनवर नीट चालेल अशी पुन्हा बांधली. उगाच भंगारापायी कोणी एवढी मरमर करत नाही.

आणि दोन सेकंदात मेलात म्हणजे तुम्ही ते नॉबिन आणि हॉबिनचं प्रकरण पाहिलंच नाही. सुरुवातीला जे राक्षस येतात ते नॉबिन, ते फक्त तुम्ही खणलेल्या बोगद्यांतून फिरतात, म्हणजे रस्ता तुम्हीच आखायचा आणि त्याच रस्त्याने ते तुमच्या मागे येणार. पण जास्त वेळ काढलात की त्यांचं रूप पालटतं, हॉबिन होतात आणि ते स्वतः माती खणत थेट तुमच्याकडे यायला लागतात. तोवर जे जाळं तुम्ही हुशारीने विणलेलं असतं त्याचा काडीचा उपयोग राहत नाही. मग सोन्याची पोती कोणाच्या डोक्यावर कधी पाडायची हा सगळा हिशोब नव्याने. मेलं की शोकधून, तीही त्या टिचभर स्पीकरमधून, ज्याला आवाज कमी करायचं बटणच नव्हतं, त्यामुळे आपण मेल्याचं अख्ख्या क्लासला कळायचं आणि सर आतल्या खोलीतून "कोण रे तो" म्हणून ओरडायचे.

पॅराट्रूपर घ्या. १९८२ ची, ग्रेग कुपरबर्गची. खाली मधोमध एक तोफ, वरून हेलिकॉप्टर, त्यातून छत्रीवाले सैनिक. तुमच्या मुलाला वाटेल नुसतं धडाधड मारत सुटायचं. नाही! प्रत्येक गोळीला एक गुण कापला जातो. मंडईत भाजी घेताना आमची आई जशी सुट्टे मोजून देत असे तशी गोळी मोजून मारावी लागते. सैनिकाला न मारता त्याची छत्री फोडली तर तो दगडासारखा खाली येतो आणि आधी उतरलेल्याच्या डोक्यावर पडला तर दोघेही जातात. आणि एका बाजूला चार जण उतरले की ते एकमेकांच्या खांद्यावर चढून तोफेपर्यंत पोचतात आणि उडवून देतात. ते चढायला लागले की तुम्हाला काहीही करता येत नाही, नुसतं बघत बसायचं. काटकसर, नेम आणि कोणती बाजू आधी सांभाळायची याचा निर्णय, एवढं सगळं त्यात आहे, आणि आज फोनवर दर मिनिटाला नाणी उधळणाऱ्या किती गेम्समध्ये आहे ते तुम्हीच सांगा.

अ‍ॅली कॅट, जिच्या मांजरावरून मी एवढा पाघळलो असं तुम्हाला वाटलं, ती बिल विल्यम्सची. पीसीवर आली ती १९८४ मध्ये. सीजीए नावाच्या तेव्हाच्या रंगीत ग्राफिक्स कार्डावर ३२० बाय २०० ठिपके आणि एका वेळी चार रंग: काळा, पांढरा, तो आकाशी आणि ती जांभळट गुलाबी. आमच्या क्लासमध्ये तर तेही नव्हते, एकरंगी हर्क्युलिस कार्ड आणि पिवळट मॉनिटर, म्हणून आधी सीजीएची नक्कल करणारा सिमसीजीए नावाचा प्रोग्राम चालवायचा तेव्हा कुठे मांजर दिसायचं. तर त्या चार रंगांत त्या माणसाने केलं काय? खोलीत एक झाडू मांजराच्या मागे लागतो. पण मांजराच्या मातकट पावलांचे ठसे जमिनीवर उमटलेले असले की झाडू पाठलाग सोडून ते पुसत बसतो. म्हणजे मुद्दाम फरशी घाण करायची आणि तेवढ्यात आपलं काम उरकायचं! हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. एका दुपारी आपोआप लक्षात आलं आणि मी शेजारच्याला सांगितलं नाही. त्याच्या आधी मी तीच गेम कित्येक आठवडे मठ्ठासारखा खेळत होतो. वयच आठवत असतं ना, तर मला त्या वयातलं दहावीचं टेन्शन आठवायला हवं, गणिताची शिकवणी आठवायला हवी. ती नाही आठवत. झाडू आठवतो. याचं श्रेय माझ्या वयाला देऊ नका, झाडू ज्याने बनवला त्याला द्या.

आणि या गेम्स कोणी रिकामटेकड्याने केल्या असाही तुमचा सूर आहे म्हणून एकच सांगतो. स्कायरोड्स, १९९३, एस्टोनियातल्या ब्लूमून नावाच्या छोट्या कंपनीची. अंतराळातल्या रस्त्यावरून गाडी उडवत न्यायची, इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही संपत जातं. त्या ब्लूमूनमधल्याच मुलांनी, यान टॅलिन, अहती हेन्ला आणि प्रीत कासेसालू, पुढे स्काईप बांधलं. कोथरूडमधले निम्मे आजीआजोबा ज्यावर न्यू जर्सीतल्या नातवंडांशी बोलायचे ते स्काईप. असो, हे तुमच्या भंगारवाल्यांबद्दल.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर त्याला गेम देताना तुम्ही काय सांगितलंत तेही लिहा की. "बघ, हे काका ज्याचं एवढं कौतुक करतायत ते किती भंगार आहे," असंच ना? मग पोरगं दोन मिनिटं तरी बसलं हेच नवल. वर दहापट वेग.

राहिला नशिबाचा मुद्दा. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो, आमच्या घरी कॉम्प्युटर सोडा, फोनसुद्धा नव्हता. वडील खडकीला फॅक्टरीत, पीएमटीने जायचे, सेकंड शिफ्ट असली की रात्री उशिरा यायचे. क्लासची फी आईने भिशीतून भरली होती, वर्डस्टार आणि डीबेस (तेव्हाची टायपिंगची आणि डेटाबेसची सॉफ्टवेअर्स) शिकून पोरगं कुठेतरी चिकटेल म्हणून. गेम खेळायची ती प्रॅक्टिसच्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं चोरून, तीही मशीन रिकामं मिळालं तर. तेव्हा नशिबाच्या गोष्टी मला सांगू नका. आता तुम्ही म्हणाल की ज्यांना क्लासही मिळाला नाही त्यांचं काय, तर तो खूप मोठा विषय आहे आणि माझा लेख मांजरावर होता.

बाकी मुद्द्यांना उत्तर देत बसत नाही, वेळ नाही आणि तुम्हालाही नसावा, नाहीतर दोन सेकंदात सोडलं नसतंत. तरी एक काम करा. रविवारी दुपारी डॉसबॉक्स उघडा, कंट्रोल दाबून एफ११ दाबत राहा, वर खिडकीच्या पट्टीवर सायकल्सचा आकडा दिसतो तो ३०० च्या आसपास आणा, आणि मग डिगर लावा. मुलाला शेजारी बसवा पण तोंडातून अक्षर काढू नका. पहिली लेव्हल पार झाली तर स्कोअरचा फोटो टाका, मी मनापासून अभिनंदन करीन. नाही झाली तरी टाका. त्याशिवाय जी काही प्रतिक्रिया लिहाल ती मी मंजूर करीन, अगदी जशीच्या तशी, पण उत्तर देणार नाही. आणि या वेळी खाली नाव लिहा.