'गळकी लेन्स' म्हणणाऱ्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. ट्रिपचे पाण्याखालचे फोटो वाया गेले याचं वाईट वाटलं, मनापासून माफी. आमच्याकडून घेतलेली वाइड लेन्स लावल्यावर कोपरे काळे येतात ही तक्रार बरोबर आहे आणि ती चूक आमची. तुमचा कॅमेरा सोनीचा आरएक्स१०० मार्क सेव्हन, २४ ते २०० मिलिमीटरचा. एवढी झूम बाहेर यायची तर हाउसिंगचा, म्हणजे कॅमेरा पाण्यात न्यायच्या बंद डब्याचा, पोर्टही (लेन्ससमोरचा काचेचा भाग) लांब लागतो. मग त्यावर बाहेरून लावलेली ही वाइड लेन्स, म्हणजे वेट लेन्स, कॅमेऱ्याच्या लेन्सपासून लांब पडते आणि पूर्ण वाइडला तिची कड फोटोत येते. थोडं झूम केलं की ती जाते. काउंटरवरच्या मुलाने हे सांगायला हवं होतं, राहून गेलं.

पण 'गळकी लेन्स गळ्यात मारली' हे काही पटलं नाही.

सर, ती लेन्स गळकी नाही. तिच्या आणि पोर्टच्या मधल्या जागेत पाणी शिरायलाच हवं, म्हणून तर तिला वेट लेन्स म्हणतात. पाण्यात सपाट पोर्टमधून सगळं जवळ आणि मोठं दिसतं. २४ ची लेन्स साधारण ३२ सारखी वागते. ती गेलेली रुंदी परत मिळवायला वेट लेन्स लावायची, आणि मध्ये पाणी आहे असं धरूनच ती बनवलेली असते. खाली गेल्यावर थोडी सैल करायची, बुडबुडे निघून जाऊ द्यायचे, पुन्हा आवळायची. बस. तुम्ही बोटीवरच लेन्सच्या आट्यांना ओ-रिंगचं (हाउसिंगमध्ये पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याचं) ग्रीस फासलंत आणि वरून टेप गुंडाळलीत, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय. मग हवा जाणार कुठे? तुम्ही टाकलेला तिसरा फोटो जरा मोठा करून बघा. वरच्या बाजूला चंदेरी कमान दिसते ती बुडबुड्याची कड आहे. कमानीच्या खाली कासव स्वच्छ आलंय, पायावरचे खवले मोजता येतात. वर सगळं वितळल्यासारखं. लेन्सच खराब असती तर खालचं कासव तरी असं कसं आलं असतं?

आणि खाली गेल्यावर लेन्स सैल करायची हे मी स्वतः तुम्हाला सांगितलं होतं, दोनदा. तुम्ही फोनवर होतात, हातानेच 'हो हो' करत होतात. असो.

फोटो निळे आले म्हणता, तर लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच जातो. लाइट घ्या म्हटलं होतं, तुम्ही नको म्हणालात.

राहिलं 'अर्धा तास उगाच बसवून ठेवलं'. त्या अर्ध्या तासात तुमचं हाउसिंग कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून बादलीत बुडवलं होतं. बादली म्हणजे वीस मीटरचा दाब नव्हे हे मलाही कळतं, पण ओ-रिंग नीट बसली नसेल तर बऱ्याचदा तिथेच कळतं. पहिल्या वेळी टिश्यूचा एक कोपरा ओला निघाला. ओ-रिंगवर एक केस होता, पापणीचा असावा. तो काढला, रिंग पुसली, ग्रीसचं बोट फिरवलं, पुन्हा बुडवलं. तो केस तसाच राहिला असता तर तुमचा कॅमेरा बहुतेक खालीच संपला असता. कॅमेरा कोरडा परत आला हे एवढ्या मोठ्या रिव्ह्यूत कुठेच नाही, ते मात्र लागलं. बावीस वर्षं हेच काम करतोय सर, आणि हल्ली लोक आधी स्टार बघतात, मग दुकानात येतात.

कुठला कॅमेरा कुठल्या पोर्टमागे कसा चालतो ते यापुढे लिहून द्यायचं बघतो. लेन्स घेऊन या, टबात लावून दाखवतो. तरी नको वाटली तर परत घेऊ. फक्त टेप घरी ओरबाडून काढू नका, काचेवरचं कोटिंग जाईल. ती आम्हीच काढू.