शेजारी घरफोडी झाल्यास आपले कर्तव्य

साताऱ्यात पेठेत राहता आणि सकाळी शेजारचं कुलूप तुटलेलं दिसलं? पोलिसांची वाट कसली बघता, शिरा आत. चपला काढू मात्र नका; शिष्टाचाराच्या नादात फरशीवरचे चोराच्या बुटांचे ठसे तसेच राहून जातील. शिवाय एकट्याने जाऊ नये, आळी घेऊन जावं. एडमंड लोकार्ड नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1910 मध्ये ल्योंमध्ये पोलिसांच्या पोटमाळ्यावर प्रयोगशाळा थाटली. त्याचं म्हणणं, माणूस जातो तिथे काहीतरी सोडतो आणि तिथलं काहीतरी घेऊन निघतो. चोराने सोडलेलं एकटं पडायला नको. तुमचे केस, तंबाखू, अंगणातली माती, सगळ्यांची त्याला सोबत द्या.

कपाट उघडं दिसत असलं तरी हँडल धरून एकदा ओढून बघा. प्रत्येकाने. जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा कार्यालय 1897 मध्ये कलकत्त्यात निघालं. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण बसवायला अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस खपले. पद्धतीला नाव लागलं त्यांच्या इंग्रज वरिष्ठांचं, पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्रीसाहेबांचं. (हे आपल्याला नवीन नाही.)

काचेने चोराचा हात कापला असेल, तर "अगंबाई, बघवत नाही" म्हणत रक्त लगेच पुसून काढा, तेही ब्लीच ओतून. ल्युमिनॉल हे रक्त शोधायचं रसायन फवारलं की रक्तातल्या लोहामुळे अंधारात निळं चमकतं, ब्लीचमुळेही चमकतं. अख्खी खोली दिवाळीसारखी उजळेल. रक्ताळलेलं फडकं सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, पण ते पुस्तकातलं झालं. आपण ते ओलंच कंदी पेढ्यांच्या प्लॅस्टिक पिशवीत कोंबायचं आणि गाठ मारायची. आत जीवाणू डीएनएचे तुकडे करत बसतील. त्यातूनही काही उरलंच, तर वरून काकांनी एकदा मोकळेपणाने शिंकावं. पीसीआर नावाच्या लॅबमधल्या पद्धतीत कणभर डीएनएच्या लाखो प्रती निघतात. चोराच्या निघतील तशा काकांच्याही निघतील.

पोलिसांचं कुत्रं आलं की त्याच्याभोवती कडं करून दिशा सुचवा. "श्वान पोवई नाक्यापर्यंत जाऊन घुटमळले" ही ओळ उद्याच्या पेपरात यायची तर थोडे कष्ट घ्यावेच लागतात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी जागेवर येऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, अशी तरतूद आहे. चित्रीकरणाची चिंता त्यांना नको. ते येईपर्यंत तुमच्या स्टेटसवर सगळं दिसत असेल, विस्कटलेल्या तिजोरीसोबतच्या सेल्फीसकट.

मग ठसेतज्ज्ञ येतील आणि घरच्यांचे ठसे वगळायचे म्हणून सगळ्यांची बोटं मागतील. तुम्हीही आत गेला होतात, म्हणून तुमचीही. तेव्हा खवळायचं. "आम्हाला चोर समजता व्हय?" असं ठणकावून हात खिशात घालायचे आणि तडक नगरसेवकांना फोन लावायचा. संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढायचाच : मालिकेत दहा मिनिटांत रिपोर्ट येतो, आपल्याकडच्या लॅबला एवढा वेळ का लागतो?