‘डोळे मिटून हो म्हणा’ हा सल्ला ऐकू नका

न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सप्टेंबरात, शाळेचे फॉर्म भरायच्या दिवसांत, एका ठरावीक आशयाचा मजकूर फिरतो. त्याचं सार असं : वेबसाइटवर मुलांची नावं आणि फोटो टाकण्याच्या परवानगीचा फार विचार करू नका, डोळे मिटून ‘हो’ म्हणा. विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या नोंदींबद्दलचा फेडरल कायदा, फेर्पा, मुलांची माहिती बाहेर जाऊच देत नाही. साइटवर येतं ते कौतुकापुरतं. आकडेवारीत नावं नसतात. साइट नुसती पाहणाऱ्याची माहिती कोणी घेत नाही. आणि नकार दिलात तर मूल एकटं पडतं. शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. बाकीची चुकीची आहेत.

‘फेर्पा आहे ना.’ आहे, १९७४ पासून आहे. शिक्षण खात्याचा फेडरल निधी घेणाऱ्या शाळांना तो लागू होतो, आणि गुण, शिस्तभंगाच्या नोंदी, स्पेशल एज्युकेशनची कागदपत्रं पालकांच्या लेखी संमतीशिवाय सहसा उघड करू देत नाही. पण त्याच कायद्यात ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’ नावाचा एक भला मोठा अपवाद आहे. नाव, पत्ता, फोन, ईमेल, फोटो, जन्मतारीख, जन्मस्थळ, इयत्ता, बक्षिसं, खेळ आणि क्लब, एवढंच काय, शाळेच्या टीममधल्या खेळाडूची उंची आणि वजनसुद्धा त्यात बसू शकतं. यातलं काय उघड करायचं ते डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, ठरवतं आणि तशी सूचना पालकांना देतं. दिलेल्या मुदतीत तुम्ही लेखी नकार कळवला नाही, तर ती माहिती देण्याची मुभा डिस्ट्रिक्टला मिळते. तुमचं गप्प राहणं तिथे होकार ठरतं. शिवाय २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोंझागा विद्यापीठाच्या खटल्यात स्पष्ट केलं की, फेर्पाच्या भंगाबद्दल पालकाला किंवा विद्यार्थ्याला स्वतः दावा लावता येत नाही. तक्रार करायची ती फेडरल शिक्षण खात्याकडे, आणि वाट पाहायची.

न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा याहून कडक आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखच नसतो. शाळेच्या वेबसाइटवर मुलाची ओळख पटेल अशी माहिती टाकण्याआधी बोर्ड ऑफ एज्युकेशनने, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, पालकाची लेखी संमती घेतलीच पाहिजे, असं तो सांगतो. अशी माहिती कोणती, तेही त्यात लिहिलेलं आहे : नाव, फोटो, पत्ता, ईमेल, फोन नंबर आणि सहलीचं ठिकाण व वेळ. तुमच्या हातात येणारा तो फॉर्म याच कायद्यामुळे येतो. इथे गप्प राहणं होकार ठरत नाही, सही लागते. ज्या एका कागदावर निर्णय खरोखर पालकाच्या हाती आहे, नेमका तोच कागद न वाचता सही करून टाका, असा हा सल्ला आहे.

‘कौतुकापुरतंच तर असतं.’ सहलीचं ठिकाण आणि वेळ कायद्यात का आलं असेल, याचा विचार करून पाहा. घटस्फोटानंतर कोर्टाने एका पालकाला मुलापासून दूर राहायला सांगितलेलं असतं. मारहाणीला कंटाळून एखादी आई मुलांना घेऊन दुसऱ्या गावी आलेली असते आणि पत्ता कोणालाही कळू देत नाही. अशा घरातल्या मुलाचं पूर्ण नाव शाळेच्या नावासह विज्ञान प्रदर्शनाच्या बातमीत आलं, की शोधणाऱ्याला गाव सापडलं. क्लबच्या पानावर ‘दर मंगळवारी सव्वातीन ते साडेचार, मागचं दार’ असं असलं, की वेळ आणि जागाही सापडली. शाळेतल्या कोणालाही यात वाईट करायचं नसतं. ज्याने बातमी लिहिली त्याला त्या घरची गोष्ट ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असायचं कारणही नाही. म्हणूनच नियम सगळ्यांसाठी सारखा हवा : फोटो असेल तर पूर्ण नाव नको, नाव असेल तर चेहरा नको, आणि मुलं कधी कुठे असतील हे आधी जाहीर करायचं नाही. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. मूळ फाइल तशीच चढवली तर ते बरोबर जातात.

हे लिहिताना आपल्या रविवारच्या मराठी शाळाही डोळ्यांपुढे आहेत. स्वयंसेवकांनी चालवलेल्या या शाळा फेडरल निधीवर चालत नाहीत, त्यामुळे सहसा फेर्पाच्या कक्षेत येत नाहीत, आणि न्यू जर्सीचा हा कायदा बोर्ड ऑफ एज्युकेशनला उद्देशून आहे. गणेशोत्सवाच्या नाटुकल्याचे फोटो मुलांच्या आडनावासकट सगळ्यांना दिसतील असे टाकायचे की नाही, हे आपलं आपणच ठरवायचं आहे. आधी विचारावं. मला वाटतं, इथे आपण डिस्ट्रिक्टपेक्षाही ढिले आहोत.

‘आकडेवारीत नावं नसतात.’ पाचवीत एका भाषागटाची तीनच मुलं असतील आणि ‘या गटातलं शंभर टक्के अनुत्तीर्ण’ असं छापलं, तर नाव लिहायची गरज उरत नाही, वर्गातल्या प्रत्येक पालकाला ती मुलं कळतात. लहान गटांचे आकडे झाकायची पद्धत याचसाठी आहे. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवून दिलं होतं की, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येऊ शकतात. पीडीएफमध्ये नावावर नुसती काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरं अनेकदा तशीच राहतात, कॉपी करून वाचता येतात. एक्सेलमध्ये लपवलेला रकाना एका क्लिकवर उघडतो.

‘साइट नुसती पाहणाऱ्याची माहिती कोणी घेत नाही.’ पान उघडलं की तुमचा आयपी पत्ता सर्व्हरला कळतो, ते अटळ आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. भेटी मोजणारं साधन, पानात बसवलेला व्हिडिओ, भाषांतराचं बटण, फेसबुकचा पिक्सेल (पानावरच्या हालचाली फेसबुकला कळवणारा अदृश्य कोड), यातलं जे जे बाहेरच्या कंपनीकडून येतं, ते तुमच्या ब्राउझरला त्या कंपनीशी बोलायला लावतं. मग तुम्ही कुठलं पान पाहिलंत हे तिकडे कळू शकतं. २०२२ मध्ये ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने उघड केलं की, कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरायच्या खुद्द फेडरल सरकारी साइटवरून अर्जदारांची नावं आणि ईमेल फेसबुककडे जात होते. केंद्र सरकारच्या साइटवर हे घडू शकतं, तर डिस्ट्रिक्टच्या साइटवर घडणारच नाही असं कशाच्या भरवशावर म्हणायचं? मोफत जेवणाचा अर्ज, समुपदेशन, स्पेशल एज्युकेशन, बेघर कुटुंबांसाठीची मदत, नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांचा कार्यक्रम : ही पानं कोणी उघडली यावरूनच त्या घराबद्दल पुष्कळ काही कळतं. इथे कोप्पा कायद्याचाही फारसा आधार नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करणाऱ्या व्यावसायिक साइट्सना तो बांधतो, सरकारी शाळेच्या स्वतःच्या साइटला नाही.

‘सगळा डेटा आधीच फुटलाय, आता काय राखायचं?’ अशी पुस्तीही हल्ली जोडली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या शाळांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून अनेक डिस्ट्रिक्टच्या विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली, हे खरंच आहे. पण चोराच्या यादीतल्या नावाला आजचा चेहरा, वर्ग आणि वेळापत्रक आपणच का जोडून द्यावं?

राहिला नकाराचा परिणाम. काही डिस्ट्रिक्टमध्ये फॉर्म ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा असतो. डिरेक्टरी इन्फर्मेशनला नकार दिला की मुलाचा फोटो इयरबुकमधून (शाळेच्या वार्षिक फोटो-पुस्तकातून) आणि नाव गुणवंतांच्या यादीतूनही जातं. मुलाच्या मनाला ते लागतं, आणि या एका भीतीपोटी पुष्कळ पालक होकार देतात. पण कायद्याने अशी सक्ती केलेली नाही. माहिती ठरावीक लोकांना, ठरावीक कामासाठीच देण्याचं मर्यादित धोरण डिस्ट्रिक्टला फेर्पाखाली ठेवता येतं. २०११ च्या दुरुस्तीने नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा इयरबुक, वेबसाइट आणि समाजमाध्यमं यांच्यासाठी वेगवेगळे रकाने मागावेत. न्यू जर्सीत बोर्डाच्या सभा खुल्या असतात आणि लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. तिथे हे मागता येतं, आणि त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारता येतात : आपल्या साइटवर बाहेरच्या कंपन्यांची कोणती साधनं बसवली आहेत, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलांचे जुने फोटो कोण, केव्हा काढतं?