घाटात न्यूट्रल मारा म्हणणारा तो मेसेज

हा मेसेज मला आता तिसऱ्यांदा आलाय, यावेळी फॅमिली ग्रुपवर, आणि टाकलाय सख्ख्या मामाने, म्हणून शेवटी लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: "घाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून गाडी न्यूट्रलला टाका, पेट्रोलही वाचतं. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन खराब होतं. ब्रेक हलका दाबून ठेवा, जोरात मारू नका. जळका वास आला तर थांबा, चाकांवर पाणी ओता आणि हँडब्रेक ओढून अर्धा तास उभे राहा." खाली अर्थातच, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

आता एकेक घेऊ.

न्यूट्रल. सगळ्यात घातक हेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्रेक तापतो म्हणजे काय, तर गाडी उंचावरून खाली येताना जी ताकद सुटते ती कुठेतरी जिरवावी लागते, आणि ब्रेक ती उष्णता करून जिरवतो. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरलात तर बाराशे मीटरच्या वर उतरता. माणसं आणि सामान धरून १५०० किलोची गाडी धरा, हिशोब येतो जवळपास ५ युनिट विजेइतका. म्हणजे २ किलोवॅटचा गीझर अडीच तास चालेल एवढी ऊर्जा. त्यातली बरीचशी टायर आणि हवा खातात हे खरं, पण उरलेली कुठे जाणार? दोनच जागा आहेत, एक इंजिन आणि दुसरी ब्रेक. गाडी न्यूट्रल केली की इंजिन या भानगडीतून बाहेर पडतं आणि सगळा भार चार चाकांच्या पॅड आणि लायनरवर येतो (डिस्कवर आणि ड्रमवर घासून चाक थांबवतात ते भाग). मग ब्रेक तापू नयेत म्हणून न्यूट्रल हा उपाय कुठल्या हिशोबाने झाला ते मामाच जाणे.

पेट्रोल वाचतं हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं आहे, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय पेट्रोल सोडणाऱ्या जुन्या गाड्यांच्या, तेव्हा त्यात थोडंफार तथ्य होतं, मी नाही म्हणत नाही. पण इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढलात की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडणंच बंद करतो, कारण तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) अगदी खाली आले की मग परत सोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत पेट्रोल पाजावं लागतं, छोटं इंजिन असलं तरी तासाला अर्धा ते एक लिटर. म्हणजे वाचवायला गेलात आणि उलटं जास्त जाळलंत. आणि काही महाभाग तर चावीच बंद करतात. त्यांच्यासाठी: ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिन चालू असेल तरच भरत राहतो, बंद केल्यावर दोन-तीनदा दाबलं की पॅडल दगडासारखं होतं, स्टीअरिंगही जड होतं. नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीने चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या होत्या, आठवतंय ना? उतारावर ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

खालच्या गिअरने इंजिन खराब होतं, हे दुसरं. नाही होत, आरपीएम लाल पट्टीच्या खाली असेल तर अजिबात नाही. इंजिन ओरडतं आणि लोक घाबरतात, एवढंच. जुने ड्रायव्हर लोक सांगतात की ज्या गिअरने घाट चढशील त्याच गिअरने उतर, आणि छोट्या गाडीला तो दुसरा किंवा तिसरा येतो. फक्त गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका, ऐंशीच्या स्पीडला थेट दुसरा हाणलात तर मात्र खरंच खर्च निघेल. ऑटोमॅटिकवाल्यांनीही डी वर टाकून निवांत बसू नये, त्यात एल (म्हणजे लो, खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड असतो तो याचसाठी. इलेक्ट्रिक गाडीत रीजेन आहे, म्हणजे मोटरच गाडीला आवरते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत परत भरते, तो छान काम करतो, पण बॅटरी फुल चार्ज करून घाटमाथ्यावरून निघालात तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि रीजेन कमी होतो.

ब्रेक हलका दाबून ठेवा. इथे मी थोडं सांभाळून बोलतो, कारण शुद्ध फिजिक्सने बघितलं तर त्याच स्पीडने उतरताना हलका दाबा नाहीतर थांबून थांबून दाबा, एकूण उष्णता सारखीच. पण सतत दाबून ठेवलं की आपण किती ब्रेक वापरतोय याचा अंदाजच राहत नाही, पॅड डिस्कवरून सुटतच नाही, आणि मागच्या गाडीला तुमचा लाल दिवा सारखाच दिसत राहतो त्यामुळे खरंच थांबताय कधी ते त्याला कळत नाही. गिअरने स्पीड धरा, वाढला की नीट दाबून दहा-पंधराने खाली आणा आणि पाय काढा.

तापल्यावर काय होतं तेही बघा, कारण दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक दोन्हीला "ब्रेक फेल" म्हणतात. पॅड अती तापला तर पॅडल कडकच राहतं पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार जास्त भीतीदायक, ब्रेक ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पॅडल मऊ होऊन तळाला जातं. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे, डब्यावर लिहिलेले असतात. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ २३० ला. पण हे ऑइल हवेतली ओल पितं, आणि ओल धरल्यावर डॉट ३ साठी तोच आकडा १४० आणि डॉट ४ साठी १५५ धरतात. कोकणातल्या दमट हवेत पाच-पाच वर्षं तेच ऑइल घेऊन फिरणाऱ्यांनी हा आकडा परत वाचावा. साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या, फार खर्च नाही.

पाणी ओतणं, नका. लालभडक तवा नळाखाली धरल्यावर काय होतं तेच, बिडाची डिस्क एकदम आकसते, वाकते नाहीतर तडकते. आणि हँडब्रेक ओढून उभं राहिलात की तापलेले लायनर तापलेल्या ड्रमवर दाबून बसतात, कधीकधी तिथेच धरतात. वास आला पण ब्रेक अजून लागतोय, तर खालच्या गिअरमध्ये हळूहळू सपाटीपर्यंत या आणि चार-पाच किलोमीटर ब्रेक न मारता चालवा, वारा लागूनच थंड होतात. पॅडल मऊ लागलं तर मात्र लगेच सुरक्षित जागी घ्या, गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि पॅडल पूर्ण कडक होईपर्यंत हलू नका.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच आहे. घाट नसतानाही एकच चाक तापत असेल तर तुमचं ड्रायव्हिंग नाही, कॅलिपर (पॅडला डिस्कवर दाबणारा भाग) अडकून बसलाय. माझी गाडी पावसाळ्यानंतर मायलेज कमी द्यायला लागली, गॅरेजवाल्याने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, बिल केलं. शेवटी एकदा घरी येऊन उतरल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघितला (लावू नका, भाजेल), पुढचं डावं रसरसत होतं. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना गंजल्या होत्या. साफ करून ग्रीस लावायला अर्धा तास लागला.