हप्ते थांबले, मग हिटलर आला

एक फॉरवर्ड गटागटांतून फिरतोय. गोषवारा असा: व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांच्या युद्धभरपाईचा बोजा लादला, तो फेडायला नोटा छापल्या गेल्या, मार्क मातीमोल झाला, वर फ्रान्सने विनाकारण रूहर या जर्मनीच्या कोळसा-पोलाद पट्ट्यात सैन्य घुसवलं आणि गांजलेल्या जनतेने हिटलरला मतं दिली. शेवटचा हप्ता म्हणे २०१० साली फिटला. ‘दुसऱ्या महायुद्धाची बीजे व्हर्सायच्या तहात’ हे उत्तर घोकून मोठे झालेल्यांना यात खटकण्यासारखं काहीच नाही.

१३२ अब्जांचा आकडा १९१९ च्या तहात नाहीच. तो मे १९२१ मध्ये लंडनला ठरला आणि तीन प्रकारच्या रोख्यांत वाटला गेला. त्यातले ‘क’ रोखे तब्बल ८२ अब्जांचे. ते जर्मनीची ऐपत सुधारल्यावर काढायचे होते, म्हणजे कधीच नाही. घरच्या मतदारांना मोठा आकडा दाखवायची ती सोय. खरी मागणी ५० अब्जांची आणि प्रत्यक्षात हाती आले साधारण २० अब्ज, त्यातही बराच भाग कोळशासारख्या मालाच्या रूपात.

नोटांचं म्हणाल, तर छपाई आधीपासून चालू होती. जर्मनीने महायुद्ध करांपेक्षा कर्जावर लढलं. १९१४ मध्ये डॉलरला ४.२ मार्क पडत, १९२२ च्या अखेरीस सात हजारांवर. भरपाईसाठी परकीय चलन विकत घ्यावं लागे, त्याने मार्क आणखी घसरला, हे कबूल. पण फ्रेंच सैन्य तोवर रूहरमध्ये शिरलंही नव्हतं.

आता ते ‘विनाकारण’. ठरलेलं लाकूड, त्यात तारेचे खांबसुद्धा, आणि कोळसा पुरता पोचला नाही, म्हणून भरपाई आयोगाने बहुमताने जर्मनीला कसूरदार ठरवलं. ब्रिटनचं मत विरोधात होतं. ११ जानेवारी १९२३ ला फ्रेंच आणि बेल्जियन तुकड्या आत गेल्या. थकबाकीसाठी सैन्य बसवण्याचा धडा फ्रान्सला जर्मनीनेच दिला होता: १८७१ च्या पराभवानंतर पाच अब्ज फ्रँक चुकते होईपर्यंत जर्मन फौज फ्रेंच भूमीवर तळ ठोकून होती, ती सप्टेंबर १८७३ मध्ये हलली. फ्रान्सचे पंतप्रधान पॉइंकारे लॉरेनकडच्या बार-ल-द्युकचे. तो ताबा त्यांनी पोरवयात घरच्या अंगणात पाहिलेला.

याने रूहरची चाल शहाणपणाची ठरत नाही. ३१ मार्चला एसेनच्या क्रुप कारखान्यात फ्रेंच गोळीबारात १३ कामगार मेले. पण ताब्याचा निषेध म्हणून कामबंदीचं धोरण बर्लिनचं, म्हणजे जर्मन सरकारचंच होतं. काम न करणाऱ्या लाखोंचे पगार सरकारने छापलेल्या नोटांतून दिले आणि नोव्हेंबरपर्यंत डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला. चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख श्ट्रेझमन यांनी सप्टेंबरातच हा प्रतिकार मागे घेतला, नवं चलन आलं, १९२४ मध्ये डॉज योजनेने हप्ते हलके केले आणि ऑगस्ट १९२५ पर्यंत रूहर रिकामं झालं.

हिटलरच्या बाबतीत तर फॉरवर्डचं कॅलेंडरच उलटं आहे. चलन कोसळलं त्याच महिन्यात हिटलरचा म्युनिकचा उठाव फसला. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं. ३० जून १९३० ला शेवटचे फ्रेंच सैनिक तहानुसार ताब्यात ठेवलेल्या ऱ्हाइनलँडमधून मुदतीच्या पाच वर्षं आधीच निघाले. सप्टेंबरात नाझी १८.३ टक्क्यांवर! जुलै १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत भरपाई जवळपास माफ झाली आणि तीनच आठवड्यांत नाझींना ३७ टक्के मिळाले. मधल्या काळात जागतिक मंदी आली होती, बेकार साठ लाखांच्या घरात गेले होते आणि चॅन्सेलर ब्रूनिंग पगार-भत्ते कापत सुटले होते. ही काटकसर काही अंशी भरपाई झेपत नाही हे जगाला पटवण्यासाठीच होती, एवढं माप मी फॉरवर्डच्या पदरात घालतो.

राहिला २०१०. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला फिटलं ते डॉज आणि तिच्यानंतरच्या यंग या भरपाई-योजनांच्या कर्जरोख्यांवरचं थकीत व्याज. १९५३ च्या लंडन कराराने ते जर्मनीच्या एकीकरणापर्यंत लांबणीवर टाकलं होतं. पैसे रोखेधारकांना गेले. फ्रान्सच्या तिजोरीत हप्ता म्हणून नाही.