आवाज खंय गेलो?

मालिकेतली सासू अख्खे घर गोळा करून सांगत असते, "हे मूल दुसऱ्या कुणाचं नाही, हे मूल आहे..." आणि नेमका तिथेच साउंडबार, टीव्हीखालचा तो लांबट स्पीकर, मौनव्रत धरतो. फार नाही, दीड सेकंद. सासूचे ओठ हलतात, सुनेच्या हातातले ताट पडते तेही बिनआवाजी, आणि आवाज परत येतो तो थेट साबणाच्या जाहिरातीसकट. मग घरातून आरोळी उठते, "आवाज खंय गेलो रे?" हा प्रश्न टीव्हीला नसतो, घरातल्या सगळ्यात तरुण माणसाला असतो. मूल कुणाचे, हे आता उद्या संध्याकाळच्या पुनःप्रक्षेपणात कळणार. म्हणजे दुरुस्तीला हातात चोवीस तासही नाहीत.

जत्रेतल्या नाटकात नट वाक्य विसरला तर विंगेत प्रॉम्प्टर तरी असतो. इथे टीव्ही आणि साउंडबार यांच्यामध्ये फक्त एक वायर असते, आणि विसराळू बहुधा तीच असते. पण तिच्याकडे कुणी बघत नाही. कुणी साउंडबारच्या डोक्यावर टपली मारतो, तर कुणी थेट फॅक्टरी रिसेटला हात घालतो. एक कौल गळते म्हणून अख्खे छप्पर उतरवायचा हा प्रकार. रिसेट अगदी शेवटी.

आधी साउंडबार बंद करून टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर पंधरा मिनिटे ऐकावे. तिथेही आवाज तुटला तर साउंडबार निर्दोष. दोष वाहिनीचा, सेट-टॉप बॉक्सचा नाहीतर इंटरनेटचा. तिथे नीट ऐकू आले, तर साउंडबार परत लावून कागदपेन्सिल घ्यावी आणि आवाज केव्हा जातो ते टिपावे. किती वेळा जातो याच्याशी मला कर्तव्य नाही. 'केव्हा' कळले की अर्धे काम झाले.

जाहिरात सुरू होताना किंवा संपताना जात असेल, तर ती भाषांतराची अडचण. मालिका ५.१ डॉल्बीत, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या सराउंड आवाजात, जाहिरात साध्या स्टिरिओत; प्रत्येक बदलाला साउंडबार क्षणभर थांबून "आता कुठली भाषा?" म्हणून विचार करतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम'वर असते, ते 'पीसीएम'वर, म्हणजे टीव्हीनेच उलगडून दिलेल्या साध्या आवाजावर आणावे. आवाज तुटायचा थांबला तर चोर सापडला. सराउंडचा थाट जातो खरा, पण सासूला मागून बोलायची गरजही नसते.

कधीही, कसाही जात असेल तर वायर. इथे दुकानदार हमखास म्हणतो, "चित्र दिसता मरे? मग वायर बरी आसा." चित्राचा इथे काही संबंध नाही. टीव्ही-साउंडबारमधल्या या एचडीएमआय वायरीच्या टोकाला १९ पिना असतात. एआरसी, म्हणजे टीव्हीतून साउंडबारकडे उलटा जाणारा आवाज, जातो तो १४ आणि १९ नंबरच्या पिनांवरून. चित्राच्या तारा वेगळ्या. चित्र लख्ख देणाऱ्या वायरीची आवाजाची तार कच्ची असू शकते. जुन्या स्वस्त वायरींत १४ नंबर कधी कधी जोडलेलाच नसतो.

त्यात आपली हवा. टोक बॅटरीच्या उजेडात धरून पाहा. किनाऱ्याजवळच्या घरात दोन पावसाळे काढलेल्या वायरीच्या पट्ट्यांवर कधी हिरवट झाक दिसते. दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढून टोक आठ-दहा वेळा आत-बाहेर करावे, घासून पट्ट्या उजळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा टोकावर फिरवून पूर्ण सुकू द्यावा. खोबरेल तेल लावू नये. हे सांगावे लागते. नवी वायर घ्यायची तर दीड-दोन मीटरची, खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड'चे प्रमाणपत्राचे लेबल असलेली. चिऱ्याच्या भिंतीतून दहा मीटर फिरवून आणलेली वायर शोभेची.

टीव्हीत ईएआरसी, म्हणजे एआरसीची नवी आवृत्ती, असेल तर ते बंद करून साध्या एआरसीवर पाहावे. एआरसी २००९ चे, ईएआरसी २०१७ चे. नवे जास्त माहिती वाहते म्हणून वायरीचे दोषही जास्त उघडे पाडते.

मग सीईसी. एका रिमोटने सगळे चालावे म्हणून यंत्रांनी आपसात बोलायची ही सोय. सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. टीव्ही, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंगची काडी, सगळे एकदम बोलू लागले की देवळात पहिली आरती कुणाची म्हणून मानकरी अडून बसतात तसे होते. बॉक्स आणि काडी उपसून ठेवावी, मग एकेक परत लावावी. एका वेळी एकच बदल. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. लाईट जाऊन आली की टीव्ही आणि साउंडबार अर्धवट झोपेत हस्तांदोलन करतात, म्हणून दोन्ही प्लग काढून दोन मिनिटे थांबावे, टीव्ही आधी सुरू करावा. रिमोटने बंद करणे म्हणजे बंद नव्हे, ती डुलकी.

ब्लूटूथवर जोडले असेल तर आवाज जातो तेव्हा स्वयंपाकघरात डोकवा. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. आत माशाचे हुमण तापतेय, बाहेर सासू तुटतेय. ऑप्टिकल वायर हा भरवशाचा पर्याय. नव्या वायरीच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणे मात्र काढा, आणि तिला काटकोनात मोडू नका, आत प्रकाश आहे. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होणे मात्र बहुधा जाते.

एवढे सगळे करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर पुन्हा टीव्हीसमोर बसते. नवी वायर, पीसीएम, मायक्रोवेव्ह बंद. सासू बोलते, शब्द न् शब्द स्वच्छ. "हे मूल दुसऱ्या कुणाचं नाही, हे मूल आहे..." आणि दारात सायकल थांबवून पाववाला पोदेर भोंगा दाबतो. पों पों, पों पों.

"उंडे घे गो चार," आतून आवाज येतो, "आणि काय म्हणाली ती?"