रेघेवरच्या नर्तकांना पडद्यावर आणू इच्छिणाऱ्यांसाठी

नर्तकांच्या ऑडिशनवर बेतलेल्या एखाद्या गाजलेल्या संगीतनाट्याचा चित्रपट करण्याची सुपारी आपण घेतली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, कारण या कामी नव्याने डोके चालवण्याची आपल्याला मुळीच गरज पडणार नाही. हे काम कसे करावे याचा संपूर्ण वस्तुपाठ 'अ कोरस लाइन' या नाटकावरच्या चित्रपटाने १९८५ सालीच घालून दिलेला आहे आणि आपण फक्त तो गिरवायचा आहे.

मूळ नाटकाची माहिती अवश्य करून घ्यावी, पण बेताने. 'अ कोरस लाइन' हे नाटक न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली आधी पब्लिक थिएटरमध्ये आणि काही महिन्यांतच ब्रॉडवे या तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या शुबर्ट थिएटरमध्ये आले. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारीतल्या एका रात्री, नृत्यदिग्दर्शक मायकल बेनेट काही नर्तकांना घेऊन बसले होते. टेपरेकॉर्डर चालू होता आणि नाव नसलेल्या रांगेत आयुष्य काढणारी ही माणसे आपापले बालपण, घर, शरीर आणि धास्ती यांबद्दल रात्रभर बोलत राहिली. त्या बोलण्याचे हक्क त्यांनी एकेका डॉलरला लिहून दिले. चित्रपटाचे हक्क पुढे पन्नास लाखांहून अधिक डॉलरना गेले, हे ऐकून वाईट वाटून घेऊ नये. मधला फरक हा व्यवसायाचा खर्च समजावा.

नाटकात एक पांढरी रेघ आहे, रेघेवर सतरा जण आहेत आणि त्यांतले चार पुरुष व चार स्त्रिया अशा आठच जणांना काम मिळणार आहे. मागे फिरते आरसे, बाकी सगळा काळोख, मध्यंतरसुद्धा नाही. एवढ्या भांडवलावर त्याला रंगभूमीचे नऊ टोनी पुरस्कार आणि १९७६ चे पुलित्झर मिळाले आणि १९९० पर्यंत ब्रॉडवेवर त्याचे ६,१३७ प्रयोग झाले. इतक्या प्रयोगांत एकाही प्रेक्षकाने 'नेपथ्य कुठे आहे?' असे उठून विचारले नाही, ही प्रेक्षकांची उणीव होय, आणि ती आपल्याला भरून काढायची आहे.

दिग्दर्शक निवडताना त्याने पूर्वी किती माणसे हाताळली आहेत हे पाहावे. १९८५ च्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरो यांना मराठी माणूस विसरणे शक्य नाही. 'गांधी'मध्ये रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबा आणि डॉ. श्रीराम लागूंना गोखले म्हणून उभे करणारे ते हेच. त्या चित्रपटातल्या अंत्ययात्रेसाठी सुमारे तीन लाख माणसे जमली होती. तीन लाख सांभाळणाऱ्याला सतरा म्हणजे डाव्या हातचा मळ, असा हिशेब कुणालाही पटेल. (दुरून पाहिलेली गर्दी म्हणजे देश आणि जवळून पाहिलेली गर्दी म्हणजे एकेक माणूस, असला बारीक भेद निर्मात्यापुढे काढून बैठक लांबवू नये.) मूळ संचात शीलाची भूमिका करणाऱ्या केली बिशप यांची पुढे तक्रार होती की, हे नाटक या धंद्यात शिरू पाहणाऱ्या पोरांचे नसून, वय उलटण्याआधी आणखी एक काम मिळावे म्हणून धडपडणाऱ्या मुरलेल्या नर्तकांचे आहे, हेच दिग्दर्शकाला उमगले नाही. अशा तक्रारींकडे आपण दुर्लक्ष करावे. गुडघे दुखणाऱ्या माणसांपेक्षा डोळ्यांत स्वप्ने असलेली पोरे पोस्टरवर केव्हाही अधिक शोभतात.

आता झॅककडे वळू. नाटकात हा निवड करणारा दिग्दर्शक बहुतांश वेळ प्रेक्षागृहाच्या अंधारातून येणारा नुसता आवाज असतो. तो दिसत नाही म्हणून रेघेवरच्या माणसांना त्याची भीती वाटते, आणि आवाज आपल्याच पाठीमागून येत असल्यामुळे प्रेक्षकालाही निवड करणाऱ्यांच्या बाजूला बसल्यासारखे अवघडल्यासारखे होते. आपण हा अवघडलेपणा ताबडतोब दूर करावा. चित्रपटात झॅक झालेल्या मायकल डग्लस यांच्यासारखा चेहरा घ्यावा, त्याला टेबल द्यावे, उजेड द्यावा, आणि रेघेवरचा कुणी मनातले बोलू लागला की कॅमेरा अधूनमधून या चेहऱ्याकडे न्यावा. ऐकणारा नट बोलणाऱ्यापेक्षा महाग असेल, तर पडद्यावर कोण जास्त दिसावे हे उघडच आहे.

मात्र खरे कौशल्य कॅसीच्या बाबतीत लागते. ती झॅकची जुनी प्रेयसी. एके काळी कोरसमधून, म्हणजे मागे नाचणाऱ्या समूहातून, वर काढलेली, कॅलिफोर्नियात जाऊन अपयश घेऊन आलेली आणि आता पुन्हा रांगेत जागा मागणारी. नाटकात ती इतर सोळांसारखी रेघेवरच उभी असते, आणि 'तू या रांगेच्या लायकीपेक्षा वरची आहेस' असे झॅक सांगत असताना तिला मात्र रांगच हवी असते. नाटकाचा सगळा पेच या एका मागणीत आहे. असला पेच तिकीटबारीवर चालत नाही. म्हणून तिला टॅक्सीतून उशिरा आणावे, विंगेत ताटकळत ठेवावे आणि जुन्या प्रेमाचे फ्लॅशबॅक पेरावेत. बाकीच्यांचे काय, असे कुणी विचारेलच. ते मागे नाचतील. त्यांना त्याची सवय आहे.

गाण्यांची फिरवाफिरवही याच न्यायाने करावी. नाटकाच्या अखेरीस पॉल नावाच्या नर्तकाचा गुडघा निकामी होतो, त्याला उचलून नेतात आणि झॅक उरलेल्यांना विचारतो की नाचता येईनासे झाले तर तुम्ही काय कराल. त्याचे उत्तर म्हणून रेघेवरचीच डायना एक गाणे उचलते आणि सगळे जण ते गातात. नाचावर केलेल्या प्रेमाचा पश्चात्ताप नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. चित्रपटात हेच गाणे कॅसीच्या तोंडी घातले आणि ते झॅकवरच्या प्रेमाचे झाले. एक अक्षर न बदलता एका अख्ख्या पेशाचे गाणे एका जोडप्याचे करून दाखवणे, याला हातोटी म्हणतात. आरशापुढचे कॅसीचे गाजलेले एकल नृत्यही बदलून तिथे नवे गाणे घातले. 'सरप्राइझ, सरप्राइझ' या आणखी एका नव्या गाण्याला तर ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा जुन्यातले काय काढले याची चर्चा आपण करू नये.

शेवटाबाबत सावध राहावे. नाटकात दोन तास ज्यांची एकेक कहाणी ऐकली, ती माणसे अखेरीस एकसारख्या सोनेरी पोशाखांत येतात, एकसारखे पाय उचलतात, आणि कोणता पॉल व कोणती डायना हे प्रेक्षकाला ओळखता येत नाही. नेहमीचे अभिवादनही होत नाही. नाचता नाचताच उजेड मावळतो. टाळ्या वाजवताना पोटात काही तरी कालवते, ते यामुळे. आपण रंगमंच नर्तकांनी इतका गच्च भरावा की कालवायला जागाच उरू नये.

आणि एक शक्यता लक्षात ठेवावी. मूळ नाटक बांधणारा माणूस स्वतःच आपल्याकडे येईल आणि सुचवेल की नाटक आहे तसे चित्रित करू नका. या नाटकावरच्या चित्रपटासाठी नर्तकांची ऑडिशन चालू आहे, असा चित्रपट करा, म्हणजे कॅमेरा हाच अंधारातला झॅक होईल. बेनेट यांनी खरोखर असा प्रस्ताव मांडला होता. तो नाकारला गेला आणि ते चित्रपटापासून दूर झाले. आपल्यावरही अशी वेळ आली तर त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून घ्यावा, 'कळवतो' म्हणावे आणि पुढच्याला आत पाठवायला सांगावे.